अवघड जागेचे दुखणे : लांब पल्ल्याच्या सायकलिंगसाठी स्त्रियांनी सीट कशी निवडावी?

नवखी_मुलुंड | ९ सप्टेंबर, रात्री १०.४०

नमस्कार. विषय थोडा संकोचाचा आहे, परंतु ज्यांच्याकडून उत्तर मिळण्याची शक्यता आहे त्या मैत्रिणी इथेच आहेत, म्हणून धागा काढत आहे.

मी गेले दीड वर्ष सायकल चालवते. आठवड्यातून दोन-तीनदा पहाटे पाचला मुलुंडहून निघून ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेने मरीन ड्राइव्हपर्यंत जाते आणि परत येते. हे साधारण साठ-पासष्ट किलोमीटर होतात आणि त्यात मला काहीही त्रास होत नाही. मागच्या महिन्यात मी पहिली २०० किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल फेरी) केली. साडेतेरा तासांची मुदत असते, मी बारा तास पन्नास मिनिटांत पोहोचले. पाय शाबूत होते, पाठ शाबूत होती, पण शेवटचे सत्तर किलोमीटर कसे काढले ते माझे मलाच माहीत. बसण्याची हाडे दुखत होतीच, शिवाय पुढचा नाजूक भाग आधी बधिर झाला आणि नंतर सुजला. दोन दिवस लघवीला जळजळ होत होती. तिसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना लोकलमध्ये चक्क बसायला जागा मिळाली, तरी मी उभीच राहिले, ह्यावरून काय ते समजून घ्यावे.

सीट बदलावी म्हणून एका दुकानात गेले. तिथल्या गृहस्थांनी ‘लेडीज सीट’ म्हणून जाड जेलची, गुलाबी शिवणीची सीट अंगठ्याने दाबून दाखवली. दाबून पाहताना ती खरोखर उशीसारखी मऊ लागते. ती लावून गेल्या रविवारी ऐंशी किलोमीटर गेले, तर पूर्वी शंभराच्या पुढे सुरू झालेले दुखणे आता चाळिसाव्या किलोमीटरलाच सुरू झाले.

डिसेंबरात ३०० करायची इच्छा आहे. त्याला वीस तास मिळतात, आणि ह्या सीटवर वीस तास बसण्याची कल्पनाही करवत नाही. आमच्या ग्रुपमध्ये बहुतेक पुरुष आहेत, त्यामुळे अवघड जागी दुखणे आणि जावई वैद्य अशी गत झाली आहे. सायकल ड्रॉप हँडलची (पुढे जाऊन खाली वळलेल्या हँडलची) आहे आणि मूळ सीटच्या तळाशी १४३ असा आकडा होता. कोणती सीट घ्यावी?

शीवकर | ९ सप्टेंबर, रात्री ११.१५

पहिल्या २०० ला सर्वांनाच दुखते. मलाही दुखले होते. महिनाभर रोज तीस-चाळीस किलोमीटर नेमाने चालवा, शरीराला सवय होईल. सीटवर उगाच पैसे खर्च करू नयेत असे माझे मत आहे.

चाकावरच्या_काकू | १० सप्टेंबर, सकाळी ६.०५

शीवकर, आपले म्हणणे अर्धे खरे आहे, आणि ह्या बाबतीत अर्धे खरे असलेले बोलणे फार महागात पडते. बसण्याच्या हाडांवर जे ठणकते, म्हणजे लाकडी बाकावर तीन तास कीर्तन ऐकल्यावर दुखते तसे, ते दोन-तीन आठवड्यांत सवयीने कमी होते. पुढचा भाग बधिर होणे किंवा सुजणे ही सवयीने जाणारी गोष्ट नाही. तिथे नसा आणि रक्तवाहिन्या दाबल्या जात असतात, आणि शरीर ते ओरडून सांगत असते.

मी एकोणपन्नासाव्या वर्षी सायकलवर बसले, आता सत्तावन्न पूर्ण होतील. पहिली दोन वर्षे मी गप्प बसून सोसले, कारण बाईच्या जातीला सोसावे लागते हे आपल्या कानांवर इतक्या लहानपणापासून पडलेले असते की सायकलची सीटसुद्धा आपण त्याच खात्यात जमा करतो. अखेरीस कारण निघाले ते अगदी साधे होते. माझी सीट दीड सेंटीमीटर जास्त उंच होती. प्रत्येक पेडलला पाय पोचवण्यासाठी कंबर डावी-उजवीकडे झुलत होती आणि त्या झुलण्याने सगळे घासून निघत होते. सीट खाली घेतली, खर्च शून्य रुपये. म्हणून नवखी, नवीन सीट घेण्याआधी भिंतीला टेकून सायकलवर बस, टाच पेडलवर ठेव आणि पेडल पार खाली ने. त्या वेळी गुडघा जेमतेम सरळ व्हायला हवा. टाच पोचण्यासाठी कंबर कलवावी लागत असेल, तर सीट उंच आहे.

चक्रम | १० सप्टेंबर, सकाळी ८.३०

जाड जेल भरलेल्या त्या गुलाबी सीटला मराठीत फार पूर्वीपासून नेमका शब्द आहे : खोगीरभरती.

फिजिओ_डोंबिवली | १० सप्टेंबर, दुपारी २.२०

मी व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट आहे आणि स्वतः २०० आणि ३०० केलेल्या आहेत. इथे लिहिलेले म्हणजे तपासणी नव्हे, हे आधीच सांगते. नवखी, जळजळ पुन्हा झाली किंवा सूज चार-पाच दिवसांत पूर्ण उतरली नाही, तर संकोच न करता स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जावे. ब्रिटनच्या पॅरासायकलपटू हॅना डाइन्स ह्यांना वर्षानुवर्षे सीटच्या दाबाने आलेल्या सुजेसाठी शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली आणि २०१९ मध्ये त्यांनी त्याबद्दल स्वतःच्या नावाने उघडपणे लिहिले. त्यामुळे हे दुखणे फक्त नवशिक्यांचे असते असे समजू नये.

आता मऊ सीटने त्रास का वाढला ते पाहू. आपण खुर्चीत बसतो तेव्हा ओटीपोटाच्या सांगाड्याच्या तळाशी असलेल्या दोन हाडांच्या उंचवट्यांवर भार येतो. त्यांना आपण बसण्याची हाडे म्हणू. भार वाहण्यासाठीच ती बनलेली आहेत, त्यामुळे सीटने त्या दोन हाडांना पक्का आधार द्यावा आणि मधल्या नाजूक भागाला मोकळे सोडावे, एवढीच तिच्याकडून अपेक्षा असते. जाड जेलमध्ये ही हाडे रुततात आणि बाजूला सरकलेले जेल मधोमध वर येते. म्हणजे जिथे दाब नको तिथेच तो वाढतो. दुकानात अंगठ्याने दाबून किंवा दोन मिनिटे बसून हे कळत नाही, तासाभराने कळते.

दुसरा मुद्दा रुंदीचा. स्त्रियांच्या बसण्याच्या हाडांमधले अंतर सरासरीने पुरुषांपेक्षा जास्त असते, पण ही सरासरीची गोष्ट झाली. अरुंद हाडांच्या स्त्रिया आणि रुंद हाडांचे पुरुष मी नेहमी पाहते, आणि नितंबांच्या आकारावरून किंवा वजनावरून हे अंतर ओळखता येत नाही. सीट गरजेपेक्षा अरुंद असली की हाडे तिच्या कडांवरून घसरतात आणि मधला भाग खोगिरावर ठेवलेल्या गाठोड्यासारखा सगळे वजन झेलतो. सीट फार रुंद असली तर मांड्यांच्या आतल्या बाजू घासतात. म्हणून किती दुखते ह्यापेक्षा कुठे दुखते हे आधी नीट लक्षात घ्यावे.

तिसरा मुद्दा बसण्याच्या ढबीचा. ताठ बसल्यावर भार मागच्या उंचवट्यांवर असतो. हँडलकडे वाकल्यावर ओटीपोटाचा सांगाडा पुढे कलतो आणि भार त्या उंचवट्यांवरून पुढे जाणाऱ्या हाडांच्या पट्ट्यांवर येतो. ह्या पट्ट्या पुढे एकमेकींच्या जवळ येत जातात. म्हणूनच ताठ बसून भाजी आणायला जाणारीची सीट रुंद असावी लागते, आणि ड्रॉप हँडलवर वाकून जाणारीला त्याच मापाच्या हाडांना थोडी अरुंद सीट चालते, पण मधली खाच, म्हणजे सीटच्या मधोमध सोडलेली मोकळी जागा, मात्र तिला अधिक लागते.

खडीसाखर | १० सप्टेंबर, रात्री ९.५०

हाडांचे माप घरी कसे घ्यावे, ह्याचा माझा अनुभव सांगते. कुठेतरी वाचले होते की मऊ पदार्थावर बसून ठसे घ्यावेत. मी कणीक घट्ट मळली, जाड पोळी लाटली, प्लास्टिकमध्ये गुंडाळून पाटावर ठेवली आणि तिच्यावर बसले. नेमक्या त्या क्षणी सासूबाई स्वयंपाकघरात आल्या. त्यानंतर जी शांतता पसरली तिचे वर्णन करणे शक्य नाही. शिवाय कणीक पुन्हा फुगून वर आली आणि ठसे काही मिळाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पार्सलच्या खोक्याचा नालीदार पुठ्ठा जिन्याच्या पायरीवर ठेवला, पातळ कपडे घालून त्यावर बसले, थोडी पुढे वाकले आणि टाचा उचलून धरल्या. मिनिटभराने उठून पुठ्ठ्यावर खडू आडवा फिरवला, तर दोन खळगे स्वच्छ दिसू लागले. एका खळग्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत पट्टीने मोजावे. माझे १२६ मिलिमीटर भरले. त्यात साधारण २० ते २५ मिलिमीटर मिळवले की सीटची रुंदी निघते, आणि जास्त ताठ बसत असाल तर थोडे अधिक मिळवावे लागते. नवखी, तुमच्या सीटखालचा १४३ हा आकडा रुंदीचाच आहे. स्पेशलाइज्ड कंपनीच्या सीट १४३, १५५, १६८ अशा रुंदीत मिळतात, इतर कंपन्यांचे आकडे थोडे वेगळे असतात.

वसईचा_वारा | ११ सप्टेंबर, सकाळी ७.१०

इतके गणित करण्याची गरजच काय? चामड्याची ब्रुक्स बी १७ घ्यावी आणि विषय संपवावा. हे मॉडेल १८९० च्या दशकापासून चालत आले आहे, आणि इतकी वर्षे लोक वेडे म्हणून ती घेत नाहीत. तिच्यात भरती अशी नसतेच, चामडे ताणून बसवलेले असते आणि काही महिन्यांत ते बसणाऱ्याच्या हाडांप्रमाणे आकार घेते. लोणच्यासारखी ती मुरावी लागते, एवढेच. माझी पत्नी ह्याच सीटवर ६०० करून आली. स्त्रियांसाठी आखूड नाकाची, म्हणजे पुढचे निमुळते टोक लहान असलेली, बी १७ एस मिळते.

पामबीच_पहाट | ११ सप्टेंबर, सकाळी ९.३५

वसईचा_वारा, आपल्या पत्नींचे मनापासून अभिनंदन, परंतु लोणचे मुरण्याआधी बुरशी आली तर काय करायचे? मी ती सीट जूनमध्ये घेतली होती. मुंबईच्या पावसात चामडे भिजले की सैल पडते. भिजलेल्या चामड्यावर बसून तीन तास गेले, तर मधोमध झोळी तयार झाली आणि दोन्ही बाजूंच्या कडा मांड्यांना टोचू लागल्या. खालचा बोल्ट आवळून ताण वाढवता येतो हे खरे आहे, पण तो किती आवळायचा ह्याचा अंदाज येईपर्यंत सीटचे आयुष्य निम्मे संपलेले असते. घरात ठेवलेल्या सायकलच्या सीटवरही ऑगस्टमध्ये पांढरी बुरशी चढली होती. त्याच कंपनीची रबर आणि कापडाची केंबियम सीट पावसाला दाद देत नाही, आणि ज्यांना चामडे वापरायचे नाही त्यांचीही सोय होते. मात्र ती मुरत नाही, पहिल्या दिवशी जशी लागते तशीच कायम लागते.

वसईचा_वारा | ११ सप्टेंबर, सकाळी ९.५८

पावसाळ्यात सीटवर प्लास्टिकची टोपी घालावी आणि चामड्याला खालून-वरून मलम लावावे, इतके साधे आहे. बुरशी आळसाला येते, चामड्याला नाही.

पामबीच_पहाट | ११ सप्टेंबर, सकाळी १०.०४

टोपीवरून घसरत २०० करणाऱ्यांना माझा नमस्कार.

घाटचढणी | ११ सप्टेंबर, रात्री १०.२५

सीटइतकेच सीट आणि शरीर ह्यांच्यामध्ये काय आहे तेही महत्त्वाचे आहे, आणि त्याबद्दल अजून कोणीच लिहिलेले नाही. पॅड असलेल्या सायकलिंग शॉर्ट्सच्या आत अंतर्वस्त्र घालू नये. हे मला पहिल्या वर्षी कोणीही सांगितले नव्हते, आणि त्या अंतर्वस्त्राच्या शिवणीने मला जे शिकवले ते मी विसरणार नाही. पॅड स्त्रियांसाठी बेतलेले असावे, कारण पुरुषांच्या पॅडमध्ये भरती आणि मधली शिवण नेमकी नको त्या जागी येते. मुंबईच्या दमट हवेत घाम वाळतच नाही, त्यामुळे घासण्याच्या जागी आधीच क्रीम लावावे. पेट्रोलियम जेली मी वापरत नाही, कारण ती पॅडमधून धुतली जात नाही. घरी पोचल्याबरोबर, चहा पिण्याच्याही आधी, शॉर्ट्स बदलावी आणि धुवावी. पावसाळ्यात ती दोन दिवस वाळत नाही, म्हणून निदान दोन नग हवेत.

पाळीच्या दिवसांत साधा पॅड लांब पल्ल्याला अजिबात चालत नाही, त्याच्या कडा कापतात. मी मासिक पाळीचा कप वापरू लागले तेव्हापासून ते दिवस टाळणे सोडून दिले. आणि पाणी प्यावे. हायवेवर स्वच्छतागृह मिळणार नाही ह्या धास्तीने आपण बायका पाणी पीत नाही, मग जळजळ होते आणि दोष सीटला देतो. मी मार्गावरचे पेट्रोल पंप आणि मोठी हॉटेले आधीच नकाशावर खुणा करून ठेवते. त्या निमित्ताने दर तासाला सीटवरून उतरणे होते, हा फायदा वेगळाच. लांब पल्ल्याला खांद्यावरून पट्टे असलेली बिब शॉर्ट्स उत्तम असे पुरुष मंडळी सांगतात, पण हायवेवरच्या अंधाऱ्या, कडी नसलेल्या स्वच्छतागृहात घामाने चिकटलेली जर्सी काढून ते पट्टे उतरवून पाहावेत आणि मग सांगावे.

जुने_चाक | १२ सप्टेंबर, दुपारी १२.४०

थोडे इतिहासाचे. स्त्रियांनी सायकलवर बसावे की नाही, ह्यावर युरोप-अमेरिकेत १८९० च्या दशकातच डॉक्टर मंडळी तावातावाने लिहीत होती आणि तेव्हाच मधोमध मोकळी जागा असलेल्या, दोन बाजूंना दोन गाद्या असलेल्या सीट बाजारात आल्या होत्या. म्हणजे आजच्या जाहिरातींत नवा शोध म्हणून मिरवली जाणारी खाच सव्वाशे वर्षांची आहे. शर्यतींतसुद्धा सीट जवळपास सपाट असावी असा आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेचा नियम बराच काळ होता. २०१६ मध्ये तो सैल करून ९ अंशांपर्यंत कल मान्य झाला, आणि त्यासाठी ब्रिटिश संघाने आपल्या महिला सायकलपटूंच्या ह्याच दुखण्याचा दाखला दिला होता.

फिजिओ_डोंबिवली | १२ सप्टेंबर, रात्री ८.१५

जुने_चाक ह्यांनी कलाचा विषय काढला ते बरे झाले, पण ९ अंश वाचून कोणी उत्साहाने सीटचे नाक खाली करू नये. ती सवलत हँडलवर पार वाकून, जवळजवळ झोपून जाणाऱ्यांसाठी आहे. आपल्यासाठी एक ते तीन अंश पुरेत. त्याहून जास्त केले की आपण सतत पुढे घसरतो, स्वतःला मागे ढकलण्यासाठी हातांवर जोर येतो आणि दुखणे खालून वर, म्हणजे तळहातांत आणि मानेत जाते. सीटवर जाड पुठ्ठ्याचे पुस्तक आडवे ठेवून त्यावर मोबाइलमधले पाणसळीचे ॲप लावले की कल मोजता येतो. एका वेळी एकच बदल करावा आणि निदान दोन राइड तो तसाच ठेवावा.

शीवकर | १३ सप्टेंबर, सकाळी ७.४५

चाकावरच्या काकूंनी कान पिळले ते योग्यच झाले. काल घरी विचारले, तेव्हा कळले की पत्नीने सायकल सोडली ती ‘वेळ मिळत नाही’ म्हणून नव्हे, तर ह्याच दुखण्यामुळे, आणि चार वर्षांत तिने मला ते सांगितले नव्हते. मीही विचारले नव्हते. असो.

तिची सायकल माळ्यावरून काढून पाहिली. आम्ही दोघांनी एकाच दिवशी एकाच मॉडेलची सायकल घेतली होती, तिची फ्रेम फक्त एका मापाने लहान आहे. ती हँडल धरते तेव्हा कोपर पूर्ण ताठ होतात आणि ती सीटच्या पार नाकावर येऊन बसते. सीटचा रुंद भाग मागे रिकामाच राहतो. म्हणजे तिच्या बाबतीत दोष सीटचा नसून हँडल फार दूर असण्याचा असावा, असे मला वाटते. नवखी, तुम्ही नेमक्या कुठे बसता ते कोणाला तरी बाजूने व्हिडिओ घ्यायला सांगून पाहावे.

चाकावरच्या_काकू | १३ सप्टेंबर, सकाळी ८.२०

शीवकर, कान आता सोडला आहे. वहिनींना इथे घेऊन या.

नवखी_मुलुंड | ६ ऑक्टोबर, रात्री ९.३०

उशिरा उत्तर देत आहे, कारण फिजिओताईंनी सांगितल्याप्रमाणे एका वेळी एकच बदल करत होते.

पुठ्ठ्यावर माझे माप १३१ मिलिमीटर आले. (कणकेचा प्रयोग टाळला.) म्हणजे मूळची १४३ ची सीट मला अरुंदच होती. काकूंची टाचेची चाचणी केली, तर सीट आठ मिलिमीटर उंच निघाली. मग शीवकरांच्या सांगण्यावरून भावाला बाजूने व्हिडिओ घ्यायला लावला. तो पाहून मला धक्का बसला. मी मागे नीट बसते अशी माझी ठाम समजूत होती, प्रत्यक्षात दर दोन मिनिटांनी पुढे सरकत होते.

आधी सीट खाली घेतली, तेवढ्याने घासणे बरेच कमी झाले. त्यानंतर १५५ मिलिमीटर रुंदीची, मधोमध खाच असलेली, टणक सीट घेतली. दुसऱ्या एका दुकानाने आठवडाभर वापरून परत करण्याची मुभा दिली होती, म्हणून खालच्या दांड्यांवर ओरखडे पडू नयेत यासाठी चिकटपट्टी गुंडाळून ती बसवली. पहिल्या दोन राइडमध्ये बधिरपणा राहिलाच, आणि मी ती परत करायला निघाले होते. त्याच वेळी हँडल सायकलला जोडणारा १०० मिलिमीटरचा आखूड दांडा, म्हणजे स्टेम, काढून ८० चा बसवला. फरक दोन सेंटीमीटरचाच आहे, पण आता कोपर वाकलेले राहतात आणि मी सीटच्या रुंद भागावर टिकते. नाक दोन अंश खाली आहे. खड्ड्यांवर आणि पेव्हर ब्लॉकवर बसून न राहता पेडलवर उभी राहते, आणि चांगल्या रस्त्यावरही दर दहा-पंधरा मिनिटांनी क्षणभर उठते.

परवा कसारा घाटाच्या पायथ्यापर्यंत जाऊन आले. दीडशे किलोमीटरच्या वर झाले. बधिरपणा नाही, सूज नाही, जळजळ नाही. हाडे शंभर किलोमीटरनंतर दुखली, पण ते कीर्तनाच्या बाकाचे दुखणे होते. डाव्या मांडीला आतून मात्र अजून घासते, उजवीला नाही.

फिजिओ_डोंबिवली | ६ ऑक्टोबर, रात्री १०.०५

एकाच बाजूला घासत असेल, तर प्रथम मागून उभे राहून सीट फ्रेमच्या सरळ रेषेत आहे का ते पाहावे, किंचित वाकडी बसवलेली सीट डोळ्यांना सहज दिसत नाही. ती सरळ असेल, तर शॉर्ट्सची शिवण तपासावी. दोन्हींत काही सापडले नाही, तर दोन पायांच्या लांबीत फरक आहे का ते पाहावे लागेल. ते घरी नीट मोजता येत नाही, कोणाकडून तरी तपासून घ्यावे. ३०० च्या आधी अजून दोन महिने आहेत.

नवखी_मुलुंड | ७ ऑक्टोबर, सकाळी ७.१५

सीट वाकडीच आहे! चिकटपट्टी गुंडाळून बसवताना ती उजवीकडे फिरली असणार.

जाता जाता, गुलाबी शिवणीची जेल सीट पहिल्या दुकानाने परत घेतली नाही. ताठ बसून जवळपास फिरणाऱ्या कोणाला हवी असल्यास मुलुंड किंवा ठाणे स्टेशनवर आणून देईन, पैसे नकोत.

खडीसाखर | ७ ऑक्टोबर, सकाळी ११.३०

मला हवी आहे, म्हणजे सासूबाईंना. त्या रोज उभ्या हँडलच्या सायकलवरून मंडईत जातात, जाऊन-येऊन तीन किलोमीटर होतात. माप घेण्यासाठी पुठ्ठ्यावर बसायला त्यांनी साफ नकार दिला आहे.

खडीसाखर | १५ ऑक्टोबर, सायंकाळी ६.४०

नवखी, सीट मिळाली, बसवली, आठवडाभर वापरून झाली. सासूबाईंचा निरोप आहे की सीट उत्तम आहे, गुलाबी दोरा तेवढा त्यांनी उसवून काढला आणि काळ्या दोऱ्याने पुन्हा शिवून घेतले.